उष्टावणाचा तांदूळ

आमच्या वॉटफर्डच्या मराठी मंडळींत शशी मोडकला 'काही होत नाही' हे नाव पडलं ते मार्च २०११मध्ये. नाव मीच पाडलं होतं, त्यामुळे पुढचं सगळं सांगायची जबाबदारीही माझ्याकडेच येते.

मी सुनीती. शशीच्या घरापासून तिसऱ्या घरात राहते. शशी, त्याची बायको शैला, मी आणि माझा नवरा विनय असे आम्ही चौघं एकाच वर्षी या देशात आलो आणि एकाच रस्त्यावर घरं घेतली. शशी अन्न तपासणाऱ्या एका लॅबमध्ये टेक्निशियन होता. दूध, पाणी, चहा, मशरूम असलं काही आलं की ते दळायचं, प्लास्टिकच्या डब्यात भरायचं, शिशाच्या जाड पेटीत ठेवायचं आणि त्यात किरणोत्सर्ग किती आहे ते मशीनला मोजू द्यायचं. वीस-बावीस वर्षं त्याने हेच केलं. डॉक्टरांच्या आणि कन्सल्टंटांच्या आमच्या गोतावळ्यात तो कुणाच्या खिजगणतीतही नव्हता. पार्टीत कुणी विचारलंच, "काय करतोस रे सध्या?" तर तो म्हणायचा, "मोजतो." विचारणारा पुढे सामोसे घ्यायला जायचा.

मग जपानमध्ये भूकंप झाला, त्सुनामी आली, फुकुशिमाच्या अणुभट्ट्या फुटल्या आणि चार दिवसांत शशीचा फोन थांबेना. सुपरमार्केटमधली सुशी खावी का? मीठ साठवून ठेवू का? टोकियोहून आलेल्या कॅमेऱ्याचं खोकं घरात ठेवलं तर? एकीने तर सोया सॉसची बाटली बागेत पुरून ठेवली आणि मग मांजर तिथे उकरतं म्हणून पुन्हा फोन केला. आम्ही त्याच्या लहानपणापासून ओळखत असलेला क्षितिज तेव्हा एडिनबरात हॉस्पिटलमध्ये रजिस्ट्रार होता. स्कॉटलंडच्या हवेत किरणोत्सर्गी आयोडीन सापडल्याचं त्याने पेपरात वाचलं होतं.

"शशीकाका, मुलांना दूध देऊ ना? बायको म्हणते, डोन्ट रिस्क इट."

"क्षितिज, तू डॉक्टर ना रे?"

"हो काका, पण तुम्ही मोजता."

"दे दूध. काही होत नाही."

प्रत्येकाला तो हेच सांगायचा. आवाज चढवायचा नाही, कंटाळायचा नाही, हसायचाही नाही. मी चेष्टा करायचे, पण मनातून मला त्याचा आधार वाटायचा. जगात एक तरी माणूस मोजून बोलतो, असं वाटायचं.

आणि हे सगळं तो बोलत होता तेव्हा त्याची एकुलती एक मुलगी वरदा त्याच फुकुशिमा प्रांतात होती. ती युनिव्हर्सिटी संपवून तिकडच्या एका शाळेत इंग्रजी शिकवायला गेली होती. गावाचं नाव मला अजून धड म्हणता येत नाही. प्रकल्पापासून साठएक किलोमीटर. इथल्या सरकारने प्रकल्पापासून लांब राहायला सांगितलं तशी ती मार्चच्या अखेरीला घरी आली. विमानतळावर शैलाने तिला मिठी मारली ती सोडेचना.

एप्रिलच्या सुरुवातीला मंडळाचा पाडवा होता, शाळेच्या हॉलमध्ये. वरदा आली आणि टेबलाशी बसली. सात महिन्यांची गरोदर असलेली एक मुलगी तिच्या शेजारी होती. ती उठली, "इकडे दारातून गार ड्राफ्ट येतोय" म्हणाली आणि दुसऱ्या टेबलावर जाऊन बसली. मग तिची सासू उठली. मग आणखी एक जोडपं. कुणी वाईट बोललं नाही. आपली माणसं वाईट बोलतच नाहीत, फक्त खुर्ची हलवतात. आठ खुर्च्यांच्या टेबलावर वरदा एकटी श्रीखंड खात होती. मी समोर होते आणि मला उठून जायचं सुचलं नाही, हे मी आधीच कबूल करते.

शशी उठला. वरदाच्या शेजारी जाऊन बसला आणि तिने अर्धा पिऊन ठेवलेला पाण्याचा ग्लास उचलून सगळ्यांसमोर घटाघटा रिकामा केला. मग तिच्याच ताटातली पुरी मोडून तिच्याच श्रीखंडात बुडवून खाल्ली.

"बाबा, इट्स फाइन," वरदा हळूच म्हणाली. "त्यांना भीती वाटते."

"वाटू दे," शशी म्हणाला. "तू जेव."

त्या दिवसापासून वरदाच्या डोळ्यांत बापाबद्दल जे दिसायचं ते मी माझ्या मुलाच्या डोळ्यांत विनयबद्दल कधी पाहिलं नाही. महिन्याच्या शेवटी ती जपानला परत गेली. शैला आठवडाभर जेवली नाही. शशीने मात्र तिला स्वतः हीथ्रोला सोडलं. म्हणाला, "तिला आकडे माहीत आहेत. मीच समजावलेत."

पुढे वरदाने तिथल्याच एका शेतकऱ्याशी लग्न केलं. दाइसुके त्याचं नाव. उंच, हात राठ, बोलणं अगदी थोडं. त्याच्या घरी तीन पिढ्या भाताची शेती. अपघातानंतर त्यांचा तांदूळ कुणी घेईना. त्याने जमिनीचा वरचा थर खरवडून काढला, खतं घातली, दर वर्षी पीक तपासायला दिलं. तिकडे तेव्हा पोत्यापोत्याची तपासणी व्हायची, पास झालेल्या पोत्यावर चिकटपट्टी लावायचे. तरी गिऱ्हाईक नाक मुरडायचं. हे सारं मला वरदाकडून कळलं. दाइसुके असल्या गोष्टी सांगत नसे.

दर नोव्हेंबरला वॉटफर्डला नव्या तांदळाचं खोकं यायचं. शशी त्यातला अर्धा किलो लॅबमध्ये नेऊन सुटीच्या वेळात मोजायचा. पहिल्या वर्षी अकरा. बेक्वेरेल का काय ते, शंभरपर्यंत चालतं म्हणे. मग सहा. मग चार. मग 'नॉट डिटेक्टेड', म्हणजे सापडलं नाही. कागद छापून वरदाला पाठवायचा. त्या रविवारी आम्हा दोघांना जेवायला बोलवायचा आणि त्या चिकट तांदळावर शैलाची आमटी वाढायची. मंडळातल्या बाकीच्यांना बोलावलं की कुणाचे पाय दुखायचे, कुणाचे पाहुणे यायचे. आम्ही चौघं मात्र जेवायचो आणि शशी दोनदा भात घ्यायचा.

२०१७ साली वरदाला मुलगी झाली, तनू. ऑक्टोबरात ती सात महिन्यांची होणार होती. मुलीचं उष्टावण विषम महिन्यात करतात, म्हणून ते वॉटफर्डलाच करायचं असं वरदाने ठरवलं. तिला भाऊ नाही, तेव्हा मामाचा मान आजोबांकडे आला. जपानमध्येही असं काही असतं, शंभराव्या दिवशी. पण तिथे घास नुसता ओठांना लावतात, बाळ खात नाही. म्हणजे तनूचा खरा पहिला घास शशीच्या हातून जाणार होता. आणि वरदाची एकच अट होती, तांदूळ घरचा हवा. दाइसुकेच्या शेतातला. त्या वर्षीचं नवं पीक कापून दहाच दिवस झाले होते. त्यातला दोन किलो तिने बॅगेत घालून आणला, खाकी कागदाच्या पिशवीत, तोंडाला दोरी बांधलेली आणि वर ती पास झाल्याची चिकटपट्टी.

"बाबा, तुम्ही मोजा आधी," तिने पिशवी त्याच्या हातात दिली. "मग त्याची मऊ भात करायची. ओन्ली घी अँड सॉल्ट. साखर नको, वेलची नको. तिकडची बेबी क्लिनिकची नर्स म्हणते बेबीला साखर नाही द्यायचा."

तिचं मराठी असंच आहे. मला गोड वाटतं.

शशीने मोजलं. नॉट डिटेक्टेड. कागद फ्रिजवर मॅग्नेटने लावला, सगळ्यांना दिसेल असा. मी म्हटलं, "काही होत नाही?" तो म्हणाला, "काही होत नाही."

उष्टावणाच्या सकाळी मी मदतीला गेले. वरदा वर बाळाला आंघोळ घालत होती. दाइसुके आणि विनय बाहेरच्या खोलीत पाट मांडत होते, एकमेकांशी हातवाऱ्यांनी बोलत होते. स्वयंपाकघरात शैला आणि मी. खाकी पिशवी ओट्यावर होती. मी वाटी घेतली आणि दोरी सोडायला हात पुढे केला.

शशी आत आला. पिशवी माझ्या हाताखालून उचलली आणि मागच्या दाराने गॅरेजमध्ये ठेवून आला. मग सिंकखालच्या कपाटातून एक प्लास्टिकचं पाकीट काढून ओट्यावर ठेवलं. आंबेमोहोर. बत्तीस वर्षांच्या संसारात ज्याने कधी कोथिंबीर आणली नाही, तो माणूस एजवेअरच्या इंडियन दुकानात जाऊन आंबेमोहोर घेऊन आला होता. बासमती लांब असतो, लगेच कळला असता. आंबेमोहोराचा दाणा आखूड, त्या जपानी तांदळासारखाच. एवढा विचार त्याने केला होता.

"हे काय?" मी विचारलं.

"हा शिजव."

"शशी, फ्रिजवर कागद तूच लावलास ना?"

"हो."

"मग?"

तो माझ्याकडे न बघता बोलला. "सापडलं नाही म्हणजे मशीनला दिसलं नाही, सुनीती. मशीनला अमुक एवढ्याच्या खालचं दिसत नाही. शून्य असं मला कधी कुणाला लिहून देता आलेलं नाही."

"आणि सहा वर्षं आम्हाला काय सांगत होतास?"

"खरं तेच सांगत होतो. काहीच होणार नाही. मी आत्ता ती अख्खी पिशवी खाईन." त्याने हात पुसले, ओले नव्हते तरी. "पण ती सात महिन्यांची आहे. माझ्या हाताने नाही."

मी शैलाकडे बघितलं. शैला गॅसकडे तोंड करून तूप कढवत राहिली. तिने वळून बघितलंच नाही. तिला आधीच माहीत होतं की नाही, ते मी आजवर विचारलेलं नाही.

मला ओरडायला हवं होतं. एरवी मी किती बोलते ते सगळ्या रस्त्याला ठाऊक आहे. त्या सकाळी मी पाकीट फोडलं, तांदूळ वाटीत घेतला आणि माझ्याच हातांनी तीन पाण्यांनी धुतला.

ज्याने आंबेमोहोर शिजवलाय त्याला पुढचं सांगायला नको. मोजणाऱ्या माणसाला सगळं कळत होतं, फक्त भात शिजला की काय होतं ते कळत नव्हतं, कारण स्वयंपाकघरात तो कधी उभाच राहिला नाही. आणि आम्ही दोघी, ज्यांना कळत होतं, आम्ही गप्प बसलो. वेलची घातली असती तर कदाचित झाकलं गेलं असतं. कुकर उघडला आणि घर घमघमलं. स्वयंपाकघर, जिना, बाहेरची खोली. वरदा लहान असताना ताप आला की शैला तिला आंबेमोहोराचाच मऊ भात द्यायची. त्या घरात तो वास म्हणजे वरदाचं आजारपण होतं.

ती तनूला कडेवर घेऊन खाली येत होती. तिसऱ्या पायरीवर थांबली. तिने एकदा श्वास घेतला, मग आत येऊन ओट्याकडे बघितलं. पिशवी नव्हती.

"बाबा," ती म्हणाली, "रिपोर्ट काय आला होता?"

कागद तिच्या खांद्याच्या मागे फ्रिजवरच होता.

"नॉट डिटेक्टेड," शशी म्हणाला.

"ओके."

बस, एवढंच. ती पाटावर बसली आणि तनूला मांडीवर घेतलं. मी चांदीच्या वाटीत भात काढला, शैलाने तूप सोडलं. शशीने सोन्याच्या अंगठीने घास उचलून बाळाच्या तोंडात घातला. तनूने तोंड वेडंवाकडं केलं, मग गिळलं, मग आणखी हवं म्हणून आ केला. आम्ही टाळ्या वाजवल्या. विनयने फोटो काढले. त्या फोटोंत सगळे हसताहेत, वरदासुद्धा.

मग वरदाने वाटीतला उरलेला भात चमच्याने दाइसुकेपुढे धरला. त्याने खाल्ला. सावकाश, डोळे मिटून. तो असाच खातो, तांदूळ पारखायची सवय. डोळे उघडले तेव्हा त्याने आधी भाताकडे बघितलं, मग शशीकडे. ज्याने घरचा तांदूळ पिकवला, ज्याने मातीचा थर न थर खरवडला, त्याला आपला तांदूळ कळणार नाही? त्याने गुडघ्यांवर हात ठेवले, कमरेत वाकून शशीला नमस्कार केला आणि त्याला येत असलेला एकुलता एक मराठी शब्द उच्चारला.

"धन्यवाद."

शशीने मान हलवली. मला वाटतं, तो त्या मान हलवण्यापाशीच थांबला. त्यानंतरचा शशी उठतो, बसतो, जेवतो, कामावर जातो, पण बोलताना समोरच्याच्या चेहऱ्याकडे बघत नाही. आणि माझं म्हणाल तर मला त्या दिवसाचं रडू येत नाही. शरम वाटते हे मला माहीत आहे, पण ती दाताला भूल दिल्यावर वाटतं तशी वाटते. तिथे काहीतरी आहे एवढंच कळतं.

चार दिवसांनी ते लोक ठरल्याप्रमाणे परत गेले. भांडण झालं नाही. झालं असतं तर दोन महिन्यांनी मिटलं असतं. दर रविवारी व्हिडिओ कॉल यायचा तसाच येत राहिला. हवा कशी आहे, तनू रांगते, तनू चालते, इकडे बर्फ पडला. फक्त पुढच्या नोव्हेंबरला खोकं आलं नाही. त्याच्या पुढच्या वर्षीही नाही. शैलाने एकदा मला सांगितलं की गॅरेजमधल्या पिशवीतला तांदूळ शशीने त्या हिवाळ्यात एकट्याने संपवला. रोज एक वाटी, स्वतः शिजवून. कधी करपवायचा, कधी चिखल करायचा. तिने मदत करू का विचारलं तर म्हणाला, "नको, हा माझा आहे."

मंडळात लोक त्याला अजून 'काही होत नाही' म्हणायचे. मी म्हणायचं सोडलं. माझं बघून हळूहळू बाकीच्यांनीही सोडलं.

लॅबमध्ये जपानचे नमुने येत राहिले. चहा, शेवाळ, वाळवलेले मशरूम. तो दळायचा, भरायचा, मोजायचा. सापडलं नाही, सापडलं नाही, सापडलं नाही. २०२२च्या जूनमध्ये सरकारने जपानच्या अन्नावरचे हे निर्बंध उठवले आणि ते काम थांबलं. त्याच वर्षी शशी निवृत्त झाला. लॅबने केक आणला होता. त्याच्या साहेबाने भाषणात सांगितलं की शशीने इतकी वर्षं लोकांना निर्धास्त ठेवलं. शशीने केक कापला.

गेल्या नोव्हेंबरातली गोष्ट. रविवार होता, मी शैलाकडे चहाला गेले होते. वरदाचा कॉल आला. शशीने फोन साखरेच्या डब्याला टेकवून ठेवला. वरदाच्या मागे त्यांचं अंगण दिसत होतं, तिथे पोती रचलेली. कापणी नुकतीच झाली होती. वरदाचे केस कानाजवळ पिकलेत, ते मला तेव्हाच दिसलं. हवेच्या गप्पा झाल्या. मग शशीने घसा साफ केला. मी त्याला जवळजवळ चाळीस वर्षं ओळखते, पण इतका घाबरलेला कधी पाहिला नव्हता.

"वरदा," तो म्हणाला, "या वर्षी तांदूळ पाठवशील? थोडासा. किलोभर पुरे. मोजायला नाही. मोजायचं मशीनच नाही आता माझ्याकडे."

शैलाचा कप बशीवर वाजला. सात वर्षांत त्याने पहिल्यांदाच काहीतरी मागितलं होतं.

वरदा रागावली नाही. तिचा आवाज अगदी साधा होता. दुकानातून काय आणू विचारतात तसा.

"कशाला बाबा उगीच? पोस्टेज किती पडते. तिकडे आंबेमोहोर मिळतो ना."

तेवढ्यात तनू पळत स्क्रीनसमोर आली. आता सात वर्षांची आहे. तिने आ करून पुढचा दात पडलेली फट दाखवली आणि तिच्या भाषेत काहीतरी सांगितलं. शैलाने "अगंबाई!" म्हणून हात हलवला. शशी तिच्या उघड्या तोंडाकडे बघत राहिला. मग वरदाच्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं राहिलंय, हे त्याच्या लक्षात आलं.

"हो," तो म्हणाला. "मिळतो."